लाकडी फ्लोअरिंगवर ओरखडा? पॉलिश पेपर हातात घेण्याआधी नख फिरवा!

दिवाळीच्या साफसफाईत कपाट जरासे सरकवले जाते आणि त्याच्या पायाखाली अडकलेला एक बारीक खडा बेडरूमच्या लाकडी फ्लोअरिंगवर हातभर लांब पांढरी रेघ ओढून जातो. मग सल्ले सुरू होतात. कुणी खोबरेल तेल चोळायला सांगते, कुणी अक्रोड घासायला. पॉलिशवाला तर सगळी खोली मशिनने घासून नव्याने पॉलिश करण्याचा हिशेबच पुढे करतो.

यातला कोणता सल्ला ऐकायचा, हे ओरखडा किती लांब आहे यावर ठरत नाही. तो किती खोल गेला आहे यावर ठरते. इंजिनिअर्ड वुडच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. कारण या फळीत खऱ्या लाकडाचा थर काही मिलिमीटरचाच असतो. घाईघाईत घासून टाकलेला थर पुन्हा मिळत नाही.

पायाखाली नेमके आहे तरी काय?

‘वुडन फ्लोअरिंग’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. दुरुस्तीच्या निम्म्या चुका इथेच होतात.

पहिली वस्तू म्हणजे सॉलिड वुड. अख्ख्या लाकडाची फळी. जुन्या वाड्यांच्या माडीवर किंवा मुंबईतील जुन्या इमारतींत दिसणाऱ्या लाकडी जमिनी या प्रकारच्या. त्या रंधा मारून, घासून पुन्हा पुन्हा नव्यासारख्या करता येतात.

दुसरी वस्तू इंजिनिअर्ड वुड. यात सर्वांत वर ओक, अक्रोड, साग अशा खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो आणि त्याखाली प्लायवुडचा किंवा लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या एचडीएफ बोर्डाचा गाभा. प्लायमधले थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्याने हवेतील दमटपणा बदलला तरी फळी अख्ख्या लाकडाइतकी फुगत किंवा आकसत नाही. अशा अनेक थरांच्या लाकडी फळीचे पेटंट स्वीडनमधील केर्स कंपनीने १९४१ मध्ये मिळवले होते.

तिसरी वस्तू लॅमिनेट. त्यात वरच्या बाजूला खरे लाकूड नसतेच. लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर टणक, पारदर्शक मेलामाइनचा थर असतो. हा प्रकारही स्वीडनचाच. पर्स्टॉर्प कंपनीने तो १९७७ मध्ये आणला. नव्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात ‘वुडन फ्लोअरिंग’ लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात अनेकदा लॅमिनेटच बसवलेले असते.

ओळखायचे कसे? घरात उरलेली एखादी फळी असेल तर तिची कापलेली कड पाहावी. नसेल तर दारातली पट्टी किंवा स्कर्टिंगचा तुकडा काढून पाहता येते. वर खऱ्या लाकडाचा वेगळा थर दिसला आणि पृष्ठभागावरच्या रेषा कडेपर्यंत उतरलेल्या दिसल्या, तर ते इंजिनिअर्ड वुड. वर फक्त कागदाएवढा थर आणि खाली तपकिरी बोर्ड दिसला, तर लॅमिनेट. आणखी एक खूण म्हणजे गाठी. अगदी सारखीच गाठ काही फळ्यांनंतर पुन्हा दिसू लागली, तर ते छापील चित्र समजावे.

लॅमिनेटला पॉलिश पेपर आणि तेल दोन्ही चालत नाही. त्यावर रंग जुळवलेली मेणकांडी किंवा टच-अप पेन एवढाच उपाय असतो. ओरखडा मोठा असेल तर फळीच बदलावी लागते. पुढची सगळी माहिती इंजिनिअर्ड वुडसाठी आहे.

ओरखडा पांढरा का दिसतो?

कारखान्यातून आलेल्या बहुतेक इंजिनिअर्ड फळ्यांवर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो अतिनील प्रकाशाखाली कडक केलेला असतो. त्यात अनेकदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर हे ऑक्साइड ९ व्या पायरीवर येते, तर वाळूतील क्वार्ट्झ ७ व्या. तरीही वाळूचा ओरखडा उठतो. कारण हे कण ज्या पारदर्शक थरात धरलेले असतात, तो थर वाळूपेक्षा पुष्कळ मऊ असतो.

या थरावर चरा पडला की त्याच्या कडा खडबडीत होतात. एरवी सरळ आरपार जाणारा प्रकाश तिथे विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. म्हणजे पांढरी रेघ दिसली म्हणून लाकूड कापले गेले असे नाही. बऱ्याचदा फक्त वरचे कोटिंग दुखावलेले असते.

तेल किंवा पाणी लावल्यावर रेघ ‘गायब’ होते त्याचेही कारण हेच. द्रव चऱ्यात भरतो आणि प्रकाश विखुरणे कमी होते. पाणी वाळले, तेल पुसले गेले, की रेघ परत हजर. चरा बुजलेला नसतो, काही काळ दिसेनासा झालेला असतो.

खोली कशी तपासायची?

यासाठी पाच मिनिटे पुरतात.

पहिले काम सफाईचे. ती जागा मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने झाडून, किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करावी. अनेक ‘ओरखडे’ इथेच संपतात. बुटाच्या रबराचे किंवा खुर्चीच्या पायाचे काळे डाग हे वर चिकटलेले रबर असते, चरा नसतो. लाकडी फ्लोअरिंगच्या क्लीनरचे एक-दोन थेंब फडक्यावर घेऊन चोळले की ते निघतात.

दुसरी चाचणी नखाची. रेघेवरून नख आडवे फिरवावे. ते अडकले नाही तर ओरखडा कोटिंगमध्येच आहे. अडकले तर तो लाकडापर्यंत गेला असण्याची शक्यता मोठी.

तिसरी चाचणी पाण्याच्या थेंबाची. रेघेवर ओले बोट फिरवून पाहावे आणि मिनिटभरात पुसून टाकावे. रेघ दिसेनाशी झाली तर नुकसान वरवरचे. रेघ उलट गडद झाली तर उघड्या पडलेल्या लाकडाने पाणी शोषले, असा अर्थ होतो.

लॅकर आहे की तेल?

काही फळ्यांवर लॅकरऐवजी तेल किंवा तेल-मेणाचे मिश्रण मुरवलेले असते. त्या हाताला लाकडासारख्या लागतात आणि फारशा चमकत नाहीत. कपाटाखालच्या, सहसा न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब ठेवून काही मिनिटे थांबावे. लॅकरवर थेंब मण्यासारखा तसाच राहतो. तेलाच्या फिनिशवर, विशेषतः ते जुने असेल तर, थेंबाखालचे लाकूड गडद होऊ लागते.

हे ठाऊक असणे गरजेचे आहे. तेलाची फळी जागच्या जागी दुरुस्त होते आणि जोड दिसत नाही. लॅकरची फळी मात्र मध्येच घासली तर तेवढाच चट्टा निस्तेज दिसतो आणि मूळच्या ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यांत भरतो.

कोटिंगपुरता ओरखडा असेल तर?

नख अडकत नसेल तर पॉलिश पेपर लांबच ठेवावा. फ्लोअरिंग बनवणाऱ्या कंपनीने सुचवलेले ‘रिफ्रेशर’ हा पहिला पर्याय. हे पातळ, पारदर्शक द्रव बारीक चऱ्यांत भरते आणि वाळून तिथेच राहते. ते एका रेघेवर लावण्यापेक्षा पूर्ण फळीवर, रेषांच्या दिशेने लावावे. म्हणजे चमक एकसारखी राहते.

सिलिकॉन असलेले फर्निचर स्प्रे टाळावेत. त्यांनी जमीन निसरडी होते. शिवाय पुढे कधी नवे कोटिंग करायचे ठरले तर ते नीट धरत नाही.

रेघ अगदी फिकी असेल आणि खिडकीतून तिरपा उजेड आला तरच दिसत असेल, तर काहीच न करणे हाही चांगला निर्णय ठरतो. लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेली रेघ काही दिवसांनी नजरेला जाणवतही नाही.

लाकडापर्यंत गेलेला चरा कसा भरायचा?

इथे दोन वस्तू लागतात: टच-अप मार्कर आणि मेणकांडी. मोठ्या हार्डवेअरच्या दुकानांत आणि ऑनलाइन दोन्ही मिळतात.

मार्कर नेहमी फळीच्या रंगापेक्षा एक छटा फिका घ्यावा. उघडे लाकूड रंग जास्त शोषते, त्यामुळे ‘अगदी जुळणारा’ मार्कर लावल्यावर काळपट रेघ उमटते. रंग थेट चऱ्यावर न ओढता कानकोरण्याच्या कापसाच्या काडीवर घेऊन लावावा आणि आजूबाजूला गेलेला रंग काही सेकंदांत पुसावा. गरज वाटली तर दुसरा हात देता येतो. गडद झालेले फिके करता येत नाही.

नख स्पष्ट अडकेल इतका चरा असेल तर मेणकांडी वापरावी. आधी चऱ्यातली धूळ काढावी आणि उभे राहिलेले तंतू धारदार पात्याने अलगद कापावेत. मऊ मेण बोटांत मळून चऱ्याला आडवे दाबत भरावे. वर आलेले मेण मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने काढावे आणि मऊ फडक्याने जागा घासावी. लाकूड कधीच एका रंगाचे नसते. त्यामुळे दोन-तीन छटांचे मेण मिसळले तर भरलेली जागा जास्त नैसर्गिक दिसते.

मऊ मेण पलंगाखाली, कोपऱ्यात, भिंतीलगत टिकते. दारासमोर किंवा रोजच्या वाटेवर, आणि बाल्कनीच्या दारातून थेट ऊन येते तिथे, वितळवून भरायचे कडक मेण लागते. ते वितळवण्यासाठी बॅटरीवर चालणारे छोटे हत्यार त्याच्या संचात येते.

एक खबरदारी महत्त्वाची. मेणावर लॅकर धरत नाही. लवकरच संपूर्ण खोलीचे नवे कोटिंग करायचे असेल तर मेण भरण्याआधी त्या कारागिराला विचारावे.

फळी तेलाची असेल तर काम सोपे. २२० किंवा त्याहून बारीक नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासावे, धूळ पुसावी, मूळ फिनिशच्याच तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर जास्तीचे तेल पुसून घ्यावे.

मात्र ती फडकी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. जवसासारखी वाळणारी तेले हवेतील प्राणवायूशी संयोग होताना उष्णता सोडतात. गोळा करून ठेवलेल्या फडक्यांत ती साठते आणि ठिणगीशिवायही आग लागू शकते. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत.

चरा नाही, पोचा पडला असेल तर?

वरवंटा, डंबेल किंवा कपाटाचा कोपरा पडला की लाकूड कापले जात नाही, दाबले जाते. सॉलिड लाकडावर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवण्याची जुनी युक्ती आहे. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात.

इंजिनिअर्ड फळीवर ही युक्ती जोखमीची आहे. उष्णता आणि वाफ यांनी लॅकर पांढुरके पडू शकते आणि वरचा थर धरून ठेवणारा गोंद सैल होऊ शकतो. त्यामुळे लहान पोचा मेणाने भरावा किंवा तसाच राहू द्यावा.

घरगुती उपायांत किती तथ्य?

अक्रोड : थोडे तथ्य आहे. अक्रोडाचे तेल हवेत वाळून कडक होणारे आहे. युरोपातील तैलचित्रकार जवसाप्रमाणे तेही वापरत. उघड्या लाकडाच्या बारीक चऱ्यावर अक्रोडाचा गर घासल्यास तो गडद होऊन झाकला जातो. लॅकरवर मात्र परिणाम तात्पुरता असतो.

खोबरेल किंवा शेंगदाणा तेल : ही तेले लाकडात वाळून कडक होत नाहीत. ती चिकट राहतात, धूळ धरतात आणि काही दिवसांनी पांढरी रेघ काळी दिसू लागते.

तेल आणि व्हिनेगर : व्हिनेगर आम्ल आहे. वारंवार वापरल्यास कोटिंगची चमक जाते.

टूथपेस्ट : हे घासणारे द्रव्य आहे. ते ओरखडा काढत नाही, भोवतालच्या भागावर आणखी बारीक ओरखडे पाडते.

नेलपॉलिश : त्यातील द्रावक काही कोटिंगना मऊ करतात. वाळल्यावर चमकही वेगळी दिसते.

भुसा आणि फेविकॉल : कपाटाच्या मोठ्या फटीसाठी सुतार ही लुबदी वापरतात. बारीक चऱ्यात ती बसत नाही आणि भोवतीच्या कोटिंगवर डाग मात्र राहतो.

‘पूर्ण खोली घासून देतो’ असे सांगितले तर?

हा सगळ्यात महागडा टप्पा आहे आणि तो पैशापुरता मर्यादित नाही. इंजिनिअर्ड फळीवरील खऱ्या लाकडाचा थर साधारण ०.६ मिमीपासून ६ मिमीपर्यंत असतो. मशिनने एकदा पूर्ण घासले की त्यातले अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जाते. म्हणजे ३ मिमीचा थर फार तर एक-दोनदा घासता येतो. १ मिमी किंवा त्याहून कमी थर असेल तर एकदाही नाही. खालचा प्लाय एका कोपऱ्यात जरी उघडा पडला, तरी ती फळी बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

म्हणून होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वरचा थर किती जाड आहे हे कड पाहून किंवा बिलावरून तपासले का? घासून किती लाकूड जाणार? आणि फक्त कोटिंग खरवडून त्यावर नवा पातळ थर देण्याचा पर्याय का नको?

हा शेवटचा पर्याय अनेकांना माहीत नसतो. यात मशिन फक्त जुन्या लॅकरचा वरचा भाग खरबरीत करते, लाकडाला हात लावत नाही. पुष्कळसे वरवरचे ओरखडे त्यातच जातात. एखाद-दुसऱ्या फळीवरच खोल चरा असेल तर तेवढी फळी बदलणे हाही मार्ग आहे. त्यासाठीच घर घेताना उरलेल्या दोन-चार फळ्या माळ्यावर जपून ठेवाव्यात. वॉरंटी सुरू असेल तर काम देण्याआधी तिच्या अटीही वाचाव्यात. घासल्याने ती रद्द होऊ शकते.

पावसाळ्यात दुरुस्ती करावी का?

शक्यतो थांबावे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई आणि कोकणपट्टीत हवेतील आर्द्रता बऱ्याचदा ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा तेल आणि कोटिंग सावकाश वाळते, लाकूडही थोडे फुगलेले असते. मार्कर आणि मेणाची बारीक दुरुस्ती कधीही चालते. तेल, लॅकर किंवा मशिनचे काम पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर काढावे.

मात्र लाकूड उघडे पाडणारा चरा पावसाळाभर तसाच सोडू नये. त्यातून ओलावा आत जाऊन कडेचे लाकूड काळे पडू शकते. तात्पुरते मेण भरून ठेवणे बरे.

भाड्याचे घर असेल तर?

लिव्ह अँड लायसन्स करार संपताना फ्लोअरिंगवरचे ओरखडे आणि अनामत रक्कम यांवरून वाद होतात. अनेक करारांत रोजच्या वापराने होणारी साधारण झीज वगळलेली असते, पण ‘साधारण’ म्हणजे किती, हे लिहिलेले नसते.

यावर साधा उपाय म्हणजे राहायला येताना फोटो काढणे. खिडकीतून तिरपा उजेड येत असताना, प्रत्येक खोलीत, जमिनीच्या जवळून. ते फोटो त्याच दिवशी घरमालकाला पाठवून ठेवावेत. नंतर ओरखडा पडला तर स्वतः पॉलिश पेपर चालवण्याऐवजी मालकाला कळवून मेण-मार्करपुरती दुरुस्ती करावी. नखही न अडकणाऱ्या रेघेसाठी पूर्ण खोली घासण्याचा खर्च मागितला गेला, तर नखाची चाचणी दोघांनी समोरासमोर करून पाहावी.

ओरखडे पडूच नयेत म्हणून…

आपल्याकडच्या सवयी शहाबादी, कोटा, मोझेक आणि टाइल्सवर घडलेल्या आहेत. बादलीभर पाणी, फिनाइल आणि ओले फडके त्यांना चालते. लाकडाला चालत नाही. आधी केर काढून मगच घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. केर न काढता पुसले तर फडक्यात अडकलेली वाळू खोलीभर फिरते. घरकाम करणाऱ्या ताईंना हे एकदा नीट सांगितले तर दुरुस्तीचा बराच खर्च वाचतो. वाफेचा मॉपही टाळावा.

दारातली रांगोळी हा खास आपल्याकडचा मुद्दा. बाजारातली बरीचशी रांगोळी म्हणजे दगडाची बारीक पूड. ती पायांना लागून आत येते. उंबऱ्याच्या आत एक जाड पायपुसणे असेल तर ती तिथेच थांबते.

टेबल, खुर्च्या आणि पलंगाच्या पायांना फेल्टच्या चकत्या चिकटवाव्यात आणि त्यांत खडे रुतलेत का हे अधूनमधून पाहावे. घरून काम करणाऱ्यांनी खुर्चीची चाके तपासावीत. ऑफिसच्या खुर्च्यांना गालिच्यासाठीची ‘एच’ प्रकारची कडक चाके आणि टणक जमिनीसाठीची ‘डब्ल्यू’ प्रकारची मऊ चाके असे दोन प्रकार असतात. लाकडाला दुसरी लागतात. मऊ चाकाच्या कडेचा रंग मधल्या भागापेक्षा वेगळा असतो.

आणि कपाट सरकवायचे असेल तर ते उचलावे, किंवा खाली जुनी सतरंजी घालून ओढावे. त्याआधी खालचा केर काढावा. हातभर लांबीची ती रेघ बहुतेक वेळा एका खड्यामुळेच उमटलेली असते.